पांढरं सोडताना

जलरंगात पांढरा लावत नाहीत,
सोडतात.
मालन, हे तुला मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं
आणि तू म्हणालीस,
म्हणजे तेवढेच पैसे वाचले की.

मार्गशीर्षातली सकाळ.
आनंदवल्लीला, नदीच्या अगदी कडेला
स्टूल मांडून बसलोय,
अंगात तुझा ऑफिसचा निळा स्वेटर,
कोपरावर उसवलेला.
थंडी अशी की कागद वाळतच नाही.
पहिला हात मारला तो ओला तो ओलाच,
आकाश खाली उतरतंय, बाभळीत शिरतंय,
मी अडवत नाही.

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
तू चुका शोधल्यास.
सरकलेली रेघ, फिकट उमटलेला आकडा,
दिवसभर कागद डोळ्यांखालून घालायचे
आणि घरी येऊन, चहाचा कप हातात,
माझी चित्रंही तशीच तपासायची.
नावेची सावली भलत्या बाजूला पडलीय.
पाणी एवढं निळं कुठं असतं आपल्याकडे?
हा गुलाबी उडेल, मागचाही उडाला.

उडायचाच. स्वस्तातला होता.
जाऊबाईंच्या हॉलमधली संध्याकाळ
सात वर्षांत दुपार झाली.

रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात.
काही तासांतच, गुरुजी म्हणाले,
बसची वेळ सांगावी तसं.
हर्षल वरच्या पायरीवर उभा होता, चपला हातात घेऊन.
मी मडक्याचं फडकं सोडलं
आणि नको त्या वेळी मला धंद्यातलं आठवलं:
जड रंग आधी तळाला बसतो,
हलका बराच वेळ रेंगाळतो,
मग कुठं दिसेनासा होतो.
तशीच उतरलीस.
अगदी तशीच, मालन.
रडू आलं ते नंतर, रिक्षात,
सुटे पैसे मोजताना.

समोर उथळात एक बगळा उभा आहे.
पलीकडे जलपर्णीची हिरवी साय,
फांदीला अडकलेली पिशवी,
कुणाच्या तरी पूजेचा झेंडू, कुजून तपकिरी.
पूर्वी मी हे गाळायचो.
आहे ते काढ, तू म्हणायचीस.
काढलंय. पिशवीसुद्धा काढलीय.

बगळ्याभोवतीचं सगळं आधी रंगवलं,
पाणी, चिखल, चिखलातली सावली,
मध्ये बोटभर कागद कोरडा ठेवून.
मान वर केली तेव्हा तो नव्हता.
कधी उडाला, कळलं नाही.
इथं मात्र उभा होता,
मी काहीच न केलेल्या जागेत.

राहिला पूर्वेकडचा गुलाबी.
हर्षलनं पाठवलेली ट्यूब आहे पेटीत,
शंभर वर्षं उडणार नाही, असं लिहिलंय तिच्यावर.
शंभर वर्षं बघायचं कुणी?
मेनरोडवरची जुनी वडी घेतली, तीच ती,
ब्रशानं दोनदा घासावी लागली,
आणि क्षितिजावर पातळ ओढून दिली.
उडू दे. सावकाश उडू दे.
भिंतीवरून एखादी गोष्ट जाताना
मला एकदा नीट बघायचीय.

मागून म्हशी घेऊन एक पोरगा आला,
खांद्यावरून वाकून बघत राहिला.
"बाबा, इथं मधीच रंगवायचं ऱ्हायलं तुमचं."
म्हटलं, काय असेल तिथं?
त्यानं डोळे बारीक केले, तुझ्यासारखे.
"काय नाय. कागद हाये."
आणि हुर्र करून म्हशींमागे पाण्यात गेला.
सगळं ढवळलं. आकाश, सावल्या, झेंडू.

मी पेटी मिटली.
ब्रश धुतलेलं गढूळ पाणी
डब्यातून नदीत ओतलं,
करडं, कडेला किंचित गुलाबी.
दुपारपर्यंत रामकुंडाशी पोचेल.

सावली तेवढी तपासून घे.